खडा इथंच काढायचा

पित्ताच्या नळीवर लिहिते म्हटलं, तर दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर हसायलाच लागल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टर, दिवाळी आहे हो. लोक चिवडा खात खात वाचतात. जंगलाबद्दल लिहा ना, वाघाबिघाबद्दल." मी म्हटलं, वाघावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आणि चिवडा खाणाऱ्यांनीच हे वाचलं पाहिजे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पित्ताशयात या घडीला खडे निवांत पडून असतील आणि त्यांना पत्ताही नसेल. ज्यांना हे वाचवत नाही त्यांनी पान उलटावं, माझं काही म्हणणं नाही.

मी पोटाची सर्जन. माहेर ब्रह्मपुरीचं. अब्बा मोटरसायकलच्या सीटा शिवायचे, त्या दुकानाच्या पायरीवर बसून मी अभ्यास केला. नोकरी बहुतेक सगळी चंद्रपुरात गेली. शेवटची बरीच वर्षं माझं काम एकच होतं: तोंडातून दुर्बीण घालायची आणि पित्ताच्या नळीत अडकलेला खडा काढायचा. निवृत्त झाले तरी ठरलेल्या दिवशी अजून जाते. घरचे म्हणतात, आता पुरे कर. मी म्हणते, माझ्या जागी कोणी येऊ द्या, मग बसते घरी पाय पसरून.

आता आधी ही नळी काय आहे ते सांगते, म्हणजे पुढचं भांडण समजेल. यकृत दिवसभर पित्त तयार करतं. ते पित्ताशयात साठतं. आपण तेलातुपाचं खाल्लं की पित्ताशय आवळतं आणि पित्त एका बारीक नळीतून आतड्यात जातं. पित्त दाट झालं, एका जागी पडून राहिलं की पित्ताशयात त्याचे खडे जमतात. पित्ताशयातला खडा बऱ्याचदा मुकाट बसतो. पण तोच घरंगळत नळीत आला तर खेळ बदलतो. नळी आधीच पेन्सिलीपेक्षा बारीक, आणि तिचं आतड्यातलं तोंड त्याहून अरुंद. खडा तिथं बुचासारखा बसतो. मागं पित्त तुंबतं, अंगात पसरतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौच पांढुरकं होतं, अंग खाजतं. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की थंडी वाजून ताप येतो. पोटात दुखणं, पिवळे डोळे आणि हुडहुडी हे तिघं एकत्र आले, तर माणसानं घरी बसू नये. तिथून पुढं वेळ फार कमी असतो.

आपल्या भागात याला आणखी एक जोड आहे, सिकलसेलची. ज्यांना आईबाप दोघांकडून हा आजार येतो, त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींचा पिवळा रंग यकृत पित्तात टाकतं, आणि त्या रंगाचे काळे खडे पित्ताशयात तयार होतात. पुस्तकात पित्ताच्या खड्यांचा रोगी म्हणजे चाळिशीची जाड बाई असं शिकवतात. माझ्याकडं पंचविशीतल्या काटकुळ्या पोरी येतात, ज्यांनी तूप फक्त लग्नात खाल्लंय. पुस्तकाला काय जातंय सांगायला.

लोकांचे उपाय ऐकाल तर करमणूक होते. चिमूरचे एक किराणा दुकानदार, शाबीरभाई, माझ्याकडं आले ते पानफुटीचा पाला चघळतच. म्हणाले, "मॅडम, साडूचा मुतखडा बिअर पिऊन निघाला. आपल्याले बिअर चालत नाई, म्हणून पाला खाऊन राह्यलो." मी म्हटलं, "भाई, मूत्राची नळी वेगळी, पित्ताची वेगळी. तुम्ही घरचा नळ तुंबला म्हणून शेजाऱ्याची मोरी साफ करून राह्यले." हसले, पण पाला सोडला नाही. खडा निघाल्यावर सगळ्या बाजारपेठेत सांगितलं, पाल्यानं ढिला झाला होता म्हणून मॅडमले जमलं. जाऊ द्या. माणूस जिवंत आहे ना, मग श्रेय पाल्याला घेऊ द्या.

ही दुर्बीण चंद्रपुरात यावी म्हणून मी किती डोकं फोडलं ते सांगत बसले तर अंक पुरणार नाही. प्रत्येक साहेबाचं उत्तर एकच: "मॅडम, हे इथं नाही होत. नागपूरला पाठवा." मी म्हणायचे, होत नाही म्हणजे काय? नळी नागपूरच्या माणसाला वेगळी असते का? तो खडा इथं कोळशाच्या धुळीत घट्ट बसतो आणि नागपूरच्या संत्र्यांच्या वासानं निघतो का? होत नाही म्हणजे कोणी करत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी एक साहेब माझ्या तोंडाला कंटाळले आणि मशीन आलं. मी रजा टाकून बाहेर शिकून आले, आणि आम्ही सुरू केलं. सगळं गोड झालं असं नाही. या कामात कधीकधी स्वादुपिंड सुजतं, आणि नीट काम करूनही माणूस हातचा जातो. असे चेहरे माझ्या डोळ्यांपुढं आहेत. त्यांच्यासाठी मी रडलेय, पण दुर्बीण कपाटात ठेवली नाही.

आता जयवंताची गोष्ट. जयवंता चामोर्शीच्या पलीकडच्या जंगलातल्या एका गोंड पाड्यावरची. धान कापून झालं होतं, थंडीचे दिवस होते. एका सकाळी तिचा नवरा दसरू तिला भाड्याच्या जीपमधून घेऊन आला. बाई हळदीसारखी पिवळी, ओठ सुकलेले, आणि अंग असं थडथड कापत होतं की स्ट्रेचर वाजत होतं. गळ्यातून पोटापर्यंत, लुगड्यावरून, एक सुकलेली माळ लोंबत होती.

ती काविळीची माळ. झाडपाल्याच्या ओल्या काड्या दोऱ्यात गाठी मारून गुंफतात. घालताना ती डोक्यावरून जेमतेम जाते. मग रोज थोडी थोडी लांब होते, छातीवर येते, पोटावर येते. पायाशी उतरली की कावीळ उतरली. खरं कारण साधं आहे: काड्या सुकतात, आकसतात, गाठी सैल पडतात आणि दोरा मोकळा होतो. पण जिच्या गळ्यात ती असते तिला दिसतं ते एवढंच की माळ उतरून राह्यली.

मी दसरूला विचारलं, "केव्हापासून आहे हे?"

"कोनतं?" तो म्हणाला.

"कोनतं म्हणजे?"

"पिवळं का थंडी का पोट?"

इथंच सगळी मेख होती. आपल्या जंगलपट्टीत हुडहुडी भरली की कोणीही शेंबडं पोर सांगेल, हिवताप. म्हणून थंडीसाठी तिनं मलेरियाच्या गोळ्या घेतल्या होत्या. पोटदुखीसाठी बाजारातल्या दुकानातून गॅसच्या गोळ्या. पिवळ्या डोळ्यांसाठी माळ, गावच्या पुजाऱ्याकडून. आणि ती सिकलसेलची, हे तिला लहानपणापासून माहीत, त्यामुळे डोळे थोडे पिवळे असायचेच, त्याचं कोणाला नवल नव्हतं. एका खड्याचे तीन आजार झाले होते, आणि तिन्हींवर तीन ठिकाणी इलाज चालू होता. वर हा खडा लबाड. नळीत जरा वर सरकला की बाजूनं पित्त वाट काढतं, ताप उतरतो, डोळे निवळतात. त्या दिवशी जी गोळी पोटात असेल ती गुणाची ठरते. पुन्हा बसला की पुन्हा तेच.

सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे, पित्ताची नळी फुगलेली. नळीचं खालचं टोक आतड्यातल्या हवेमागं लपतं, तिथलं सोनोग्राफीत नेहमी दिसत नाही; पण रक्ताचा रिपोर्ट, ताप आणि ती फुगलेली नळी यांनी मला हवं ते सांगितलं होतं. सवड असती तर एमआरआयवर नळीचा फोटो काढला असता. सवड नव्हती. नाडी पळत होती, रक्तदाब खाली चालला होता. नळीत पू झाला होता.

आमचे त्या वेळचे साहेब, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख, येऊन बघून गेले. माणूस वाईट नव्हता, पण जबाबदारीला भ्यायचा. म्हणाले, "सिकल आहे, सेप्सिस आहे, जंतू रक्तात गेलेत. नागपूरला रेफर करा."

स्ट्रेचरवरून आवाज आला. डोळे मिटलेले, दात वाजतायत, आणि बाई म्हणते, "मी नाई जात नागपूरले."

"अवो, तिथं मोठे डॉक्टर आहेत," साहेब म्हणाले.

"असू दे. मेली तं इथी मरीन. नागपूरले नाई."

दसरू खाली बघत होता. मला वाटलं, शहराची भीती, दुसरं काय. विचारायला वेळ नव्हता. मी साहेबांना म्हटलं, "नागपूरपर्यंत ही टिकणार नाही. मी पू काढून देते, मग बघू." ते काही बोलायच्या आत मी स्ट्रेचर वळवलं होतं.

एक्स-रेच्या टेबलावर घेतलं तर ती माळ बरोबर पोटावर. आमच्या भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, काढा हे. मी कात्री मागितली तर दसरू दारातून ओरडला, "कापू नको बाई! माळ कापली का कावीळ उलटते. आपोआप पायाशी आली पायजे." वाद घालायला माझ्याकडं मिनिट नव्हतं. माळ सैल होतीच. दोन्ही हातांनी धरली, खांद्यांवरून उतरवली आणि कमरेवरून, मांड्यांवरून सरकवत पायाशी नेऊन ठेवली. म्हटलं, "घे, आली पायाशी. झालं समाधान?"

मग तोंडातून दुर्बीण, पोटातून पुढं आतड्यात. या दुर्बिणीचा डोळा टोकाला नसतो, बाजूला असतो, कारण नळीचं तोंड आतड्याच्या भिंतीत, बाजूला असतं. दिसायला तांदळाच्या दाण्याएवढं. त्यात तार सरकवायची, रंग सोडायचा आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघायचं. खडा दिसला. माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा, नळीत ठाण मांडून बसलेला. पित्ताशयातून आला असेल तेव्हा लहानसा काळा खडा असेल. नळीत पडून पडून जंतूंमुळं त्यावर मऊ तपकिरी थर चढत गेले होते. अशा तुंबलेल्या, तापलेल्या बाईचा एवढा खडा त्या दिवशी ओढत बसणं म्हणजे तिला मारणं. खड्याच्या बाजूनं मी एक प्लॅस्टिकची बारीक नळी बसवली, तिला आम्ही स्टेंट म्हणतो. बसली तशी आतून पू भडाभडा आला. त्या खोलीत मी मोठ्यानं "या अल्लाह" म्हटलं आणि भूलतज्ज्ञ बाईंनी "देवा" म्हटलं, दोघी एकदमच.

दुसऱ्या दिवशी तिचा ताप उतरला. चार दिवसांत बाई उठून बसली, पेज प्यायली, वॉर्डातल्या बायांशी भांडली. मी दसरूला खडसावून सांगितलं, "खडा अजून आतच आहे. मी घातलेली प्लॅस्टिकची नळी फक्त वाट करून देते. ती काही महिन्यांत तुंबते. तुंबली की पुन्हा हेच, याच्याहून वाईट. परत यायचं म्हणजे यायचं." दसरू हाव हाव म्हणाला. गेले.

आणि आलेच नाहीत. निरोप पाठवले, गावच्या आशाताईकडून. उत्तर आलं: बाई ठणठणीत आहे, माळ पायाशी आली, कावीळ गेली. तुम्ही हसाल, पण मला कपाळ बडवावंसं वाटलं. माळ पायाशी आणली कोणी? मी! माझ्याच हातानं मी त्या माळेला पास केलं होतं.

मोहफुलांचा मोसम लागला तशी मी गाडी काढली. वैनगंगा ओलांडली, चामोर्शी मागं टाकलं, पुढं रस्ता कमी आणि जंगल जास्त. पाड्यावर कोणी नाही, सगळे झाडांखाली. जयवंता मोह वेचत होती, टोपली भरत आलेली. मला बघून उठली नाही. म्हणाली, "आली का तू? बस. अंग बरं आहे माहं."

"बरं दिसते. आत नळी आहे प्लॅस्टिकची, विसरली का?"

"दुखत नाई."

"दुखेल तेव्हा वेळ नसते, बाई."

"मोह सरू दे. मंग तेंदूपत्ता आहे. मंग पाहू."

मी चिडले. झाडाखाली उभी राहून अशी ओरडले की बाकीच्या बायांनी वेचणं थांबवलं. त्या आवाजानं पुजारी आले, चैतूभाऊ. तिच्या सासूचे भाऊ, माळ त्यांचीच. बारीक अंगाचे, कानात बाळ्या, डोळे मिश्कील. मी त्यांच्यावरच उखडले. "भाऊ, तुमची माळ कावीळ नसलेल्याच्याही गळ्यात उतरते. घाला माझ्या गळ्यात, दाखवते."

ते हसले, पण खरंच ओल्या काड्या आणून गुंफली आणि घातली माझ्या गळ्यात. मी ती घालून चंद्रपूरला आले. ॲप्रनवर माळ घालून राउंड घेतले. बाजाराच्या दिवशी पुन्हा गेले, तोपर्यंत ती बेंबीपर्यंत आली होती. साऱ्या गावापुढं उभी राहिले. "हे पाहा. मले कावीळ होती का? नव्हती. मग माळ कशी उतरली?"

जयवंता शांतपणे म्हणाली, "माळ घातली म्हणून तं झाली नाई तुले."

सगळं गाव हसलं. मीही हसले, काय करणार. एवढी शिकलेली मी, भर बाजारात माझा पचका झाला होता. पण चैतूभाऊ हसले नाहीत. त्यांनी जयवंताला विचारलं, "काऊन व? दवाखान्यात नेली तव्हा थंडी वाजे का तुले?"

"वाजे. हिवताप होता."

"पिवळं आन् थंडी संगंच?"

"हाव."

चैतूभाऊंचा चेहरा बदलला. मला म्हणाले, "माह्या आज्यानं सांगतलं होतं, बाई. थंडीवाल्या काविळीले माळ बांधायची नाई. ते आपलं नाई. हिनं मले थंडीचं सांगतलंच नाई." मग जयवंताकडं वळून म्हणाले, "जा इच्यासंगं. माहं काम नाई हे."

तेवढं पुरलं. माझ्या डिग्रीनं जे झालं नाही ते त्यांच्या आज्याच्या शब्दानं झालं, आणि मला त्याचा जराही कमीपणा वाटला नाही. आजही त्या बाजूनं थंडीवाली कावीळ आली की ती चैतूभाऊंनी पाठवलेली असते. जयवंता उठली, पदर झटकला. म्हणाली, "चंद्रपूरले येतो. नागपूरले नाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. शब्द दिला खरा, पण साहेब काय म्हणतील ते मला पाठ होतं.

तसंच झालं. "मॅडम, तेव्हा इमर्जन्सी होती, मी बोललो नाही. आता तर ती चालत आलीय. मोठा खडा, जुना स्टेंट, सिकल. फोडताना रक्तस्राव झाला तर? ऑक्सिजन कमी पडून सिकलचा झटका आला तर? रस्ता आहे, गाडी आहे, नागपूर आहे. हट्ट कशासाठी?"

त्यांचं चुकत नव्हतं, हे कबूल करते. सिकलच्या रोग्याला पाणी कमी पडलं, थंडी लागली, श्वास कमी पडला की पेशी वाकतात आणि रक्तच अडतं. भीती मलाही होती. पण मी म्हटलं, "सर, नागपूर म्हटलं की ती उठून घरी जाणार. मग स्टेंट तुंबणार आणि ती पाड्यावर मरणार. तुमच्या मते तो सेफ पर्याय आहे. माझ्या मते नाही. मला रक्त तयार ठेवून द्या, भूलतज्ज्ञ बाई द्या, आणि सकाळची वेळ द्या. काही झालं तर माझं नाव सांगा, बिनधास्त सांगा."

"आणि तुम्ही काय सांगाल?"

"मी सांगेन, मी केलं. दुसरं काय सांगणार?"

त्यांनी हात झटकले. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

ठरल्या सकाळच्या आदल्या रात्रीपासूनच सलाईन चालू होतं, तेही कोमट करून. खोलीतला एसी बंद केला. चंद्रपूरचा उन्हाळा, अंगावर एक्स-रेसाठीचा शिशाचा ॲप्रन, घामानं डोळे चुरचुरत होते. जुना स्टेंट फासात धरून ओढून काढला. काळा, गाळानं भरलेला, आणखी थोडे दिवस टिकला नसता. मग नळीच्या तोंडाला बारीक चीर दिली आणि आत फुगा फुगवून ते तोंड हळूहळू रुंद केलं. इथं घाई केली की फाटतं. भूलतज्ज्ञ बाई दर थोड्या वेळानं ऑक्सिजनचा आकडा म्हणत होत्या. मग तारांची जाळी आत नेली, खड्याभोवती उघडली, खडा त्यात घेतला आणि जाळीची बाहेरची मूठ आवळायला लागले. पहिल्यांदा जाळी निसटली. दुसऱ्यांदाही निसटली. बाई म्हणाल्या, "ऑक्सिजन खाली येतोय." मी थांबले. सगळे थांबलो. पुन्हा वर आला तेव्हा जाळी परत घातली. मूठ आवळली, अजून आवळली, आणि हाताला जाणवलं की आतला कडकपणा मोडला. स्टेंटनं तो आधीच ठिसूळ झाला होता. पडद्यावर एका खड्याचे तुकडे झाले. फुग्यानं ते आतड्यात ओढून काढत राहिले, नळी धुतली, पुन्हा रंग सोडला. नळी वरपासून खालपर्यंत स्वच्छ दिसली, आणि पित्त हिरवंगार वाहायला लागलं.

बाहेर आले तर साहेब दारात उभे. मी म्हटलं, "झालं. इथंच झालं." ते म्हणाले, "नशीब." मी म्हटलं, "नशीब नाही सर, हात." उद्धटपणा होता, पण त्या दिवशी तो मला शोभत होता.

खडे बनवणारं पित्ताशयही मग आम्ही काढलं. ते ठेवलं तर नवे खडे येत राहतात. त्यानंतरच्या एका दुपारी मी वॉर्डात गेले. खड्याचे काही तुकडे मी बाहेर काढून बाटलीत ठेवले होते, रोग्यांना ते बघायला आवडतात. कोणी घरी नेऊन पाहुण्यांना दाखवतात, कोणी नाक मुरडतात. जयवंतानं बाटली उजेडात धरली. फिरवून फिरवून बघितली. मला वाटलं, आता म्हणेल, एवढ्याशासाठी एवढी ओरडली का तू? ती मस्करी करेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं.

ती म्हणाली, "बुधाच्या पोटातबी असाच असंल का?"

"बुधा कोण?"

दसरू खाटेवरून उठला आणि खिडकीशी गेला. जयवंता बाटलीकडंच बघत होती. "माही मोठी बहीण. लय वर्सं झाली. सिकलवालीच. तिलेबी थंडी वाजे, पिवळी झाली. गडचिरोलीहून नागपूरले पाठवली. मी गाडीत संगं होती. माह्या मांडीवर तिचं डोकं होतं. उमरेडच्या अलीकडं मेली. गाडीवाला म्हणे, आता पुढं काऊन जायचं? तिथूनच परत आलो."

मी तिच्या खाटेवर बसले. एवढे दिवस मी हिला अडाणी, हट्टी, भित्री काय काय म्हटलं होतं मनात. नागपूर तिला माहीत नव्हतं असं नाही. नागपूरचा रस्ता तिला चांगला माहीत होता.

"सांग ना," ती म्हणाली, "हाच होता का?"

मी खोटं बोलत नाही. "तपासल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही. पण बहुतेक हाच."

"मंग तिचा इथी काऊन नाई काढला?"

"तेव्हा इथं दुर्बीण नव्हती, जयवंता."

"काऊन नव्हती?"

हाच प्रश्न मी साहेबांना, सरकारला किती वर्षं विचारला होता. तिला म्हटलं, "आता आहे ना."

तिनं बाटली माझ्या हातात परत दिली.

"आता आहे," ती म्हणाली. "पन बुधा नाई."